निळीचें सूत

आज सुशिक्षित मध्यम वर्गांत असें घर विरळाच सांपडेल कीं, ज्याच्या दोरीवर डेनिमची एखादी विजार वाळत घातलेली नाहीं. बाप घालतो तशीच मुलगा घालतो, आणि लेकीसुनांनाहि ती वर्ज्य राहिलेली नाहीं. कापड जाडेंभरडें, रंग निळा, आणि तोहि धुण्यागणिक उतरणारा. दुसऱ्या कोणत्याहि कापडाचा रंग असा उतरूं लागला तर आपण दुकानदाराशीं भांडण्यास जाऊं. या कापडाचा रंग उतरला म्हणजे मात्र तें अधिक आवडूं लागतें, आणि रंग आधींच उतरवून ठेवलेली विजार तर नव्या गडद विजारीहून पुष्कळदां महाग मिळते. असें कां व्हावें? या साध्या प्रश्नाचा माग काढीत गेलें असतां आपण प्रथम रंगाऱ्याच्या हौदापाशीं येतों, तेथून बंगालच्या व बिहारच्या शेतांत जातों, पुढें जर्मनींतील एका रसायनशाळेंत शिरतों, आणि अखेर आजच्या गिरण्यांत येऊन पोंचतों. हा मार्ग वाचकांस बरोबर घेऊन चालावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ नांवापासूनच करूं. 'डेनिम' हा शब्द फ्रान्सांतील नीम या गांवच्या 'सर्ज द नीम' नामक कापडावरून निघाला, आणि 'जीन' हा जिनोवा बंदराच्या फ्रेंच नांवावरून, असें सामान्यतः मानितात. परंतु याच कुळांतला तिसरा शब्द आपल्या घरचा आहे. सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या लिहिण्यांत 'डंगरी' नांवाचें एक स्वस्त, जाड, सुती कापड आढळतें. मुंबईच्या डोंगरी भागावरून तें नांव पडलें असें कोशकार सांगतात. हें कापड खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावर चढलें, आणि पुढें इंग्रजी बोलणाऱ्या सर्व देशांत 'डंगरी' याचा अर्थच मुळीं कामकऱ्याचा पोषाख असा झाला. तेव्हां ज्या वस्त्रास आपण परदेशांतून आलेलें समजतों, त्याच्या पूर्वजांपैकीं एक मुंबईच्याच बंदरांतून बाहेर पडला होता.

आतां रंगाकडे वळूं. निळीचा स्वभाव इतर रंगांहून अगदीं निराळा आहे. हळदीचा रंग पाण्यांत उकळला कीं सुतावर चढतो. मंजिष्ठेला तुरटीची जोड द्यावी लागते. परंतु नीळ पाण्यांत मुळीं विरघळतच नाहीं. निळीची वडी बारीक वाटून पाण्यांत कालविली आणि तींत सूत दिवसभर भिजत घातलें, तरी थोडी भुकटी वर चिकटेल आणि पहिल्याच धुण्यांत निघून जाईल. म्हणून रंगाऱ्याला एक विचित्र वाटणारी गोष्ट करावी लागते: निळी रंगविण्यापूर्वीं तो निळा रंगच नाहींसा करितो. क्षारयुक्त पाण्यांत, प्राणवायूचा स्पर्श होऊं न देतां, निळीचें असें रूपांतर घडवितात कीं, ती विरघळूं लागते. या क्रियेस रसायनशास्त्रांत क्षपण म्हणतात. क्षपण झालेल्या निळीचें पाणी हिरवट पिवळें असतें, आणि त्यावर तांब्याच्या झांकेची साय धरते. या पाण्यांत पांढरें सूत बुडवून वर काढलें कीं तें प्रथम पिवळट, मग हिरवें, आणि पाहतां पाहतां निळें होतें. हवेंतील प्राणवायूच्या योगानें नीळ पुन्हा आपल्या मूळ रूपास येते, पाण्यांत न विरघळणारी होते आणि सुताच्या तंतूंत अडकून बसते.

आपल्याकडे नगर, पुणें, सोलापूर या बाजूंस हें काम करणाऱ्या जातीस निराळी म्हणत. यंत्रें व कारखान्यांत केलेलीं रसायनें येण्यापूर्वीं भारतांतील रंगारी निळीच्या हौदांत चुना, गूळ आणि टाकळ्याचें बीं घालीत. चुन्यानें पाण्याला क्षारगुण येई, आणि गूळ व बीं आंबून त्यांत जे सूक्ष्म जंतु वाढत, ते क्षपणाचें काम करीत. जंतु म्हणजे काय हें ठाऊक नसतांना या लोकांनीं त्यांना शतकानुशतकें पोसलें, थंडींत ऊब दिली, खाणें कमी पडलें तर तें घातलें, आणि हौद जिवंत आहे कीं मेला हें वासावरून आणि सायीवरून ओळखलें. या कलेचें वय फार मोठें आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या हुआका प्रिएता या ठिकाणीं मिळालेल्या सुमारें ६ हजार वर्षांपूर्वींच्या सुती चिंध्यांवर नीळ आढळल्याचें सिद्ध झालें.

येथें निळीचा एक दोष सांगितला पाहिजे, कारण पुढील सारी कथा त्याच्यावरच उभी आहे. क्षपण झालेल्या निळीलाहि कापसाच्या तंतूची फारशी ओढ नाहीं. एकदां बुडविल्यानें फिकट आकाशी छटा येते, अधिक नाहीं. गडद रंग हवा असेल तर सूत बुडवावें, वर काढावें, हवा खाऊं द्यावी, आणि पुन्हा बुडवावें. असें अनेक वेळां करावें लागतें. प्रत्येक वेळीं पहिल्या थरावर दुसरा पातळ थर बसतो. बुडविण्याचा वेळ थोडा असल्यामुळें रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोंचत नाहीं. असें सूत आडवें कापून भिंगाखालीं पाहिलें, तर बाहेर निळें कडें आणि आंत पांढरा गाभा दिसतो. कापड घांसलें जातें, कडें झिजतें, आणि आंतला पांढरा रंग हळूहळू बाहेर डोकावूं लागतो. गुडघ्यावर, खिशाच्या तोंडाशीं आणि शिवणींवर जो पांढुरकेपणा येतो, तो यामुळें.

आजच्या मोठ्या गिरणींत हीच क्रिया दोरांच्या रूपानें चालते. ताण्याचे सुमारें ३५० ते ४०० धागे एकत्र करून त्यांचा एक सैल दोर बनवितात. असे १२, २४ किंवा त्याहूनहि अधिक दोर, प्रत्येक कित्येक हजार मीटर लांबीचा, शेजारीं शेजारीं एकाच वेळीं यंत्रांतून धांवत असतात. प्रथम ते धुवून ओले करितात. मग निळीच्या पहिल्या हौदांत साधारणतः अर्ध्या मिनिटाहूनहि कमी वेळ बुडवून, रुळांमध्यें पिळून, छतालगतच्या उंच रुळांवरून एक-दोन मिनिटें हवेंत फिरवितात. तेथें हिरवे दोर निळे होतात आणि दुसऱ्या हौदांत उतरतात. असे सहा-आठ किंवा अधिक हौद ओळीनें असतात. चुना आणि टाकळा यांची जागा आतां कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायड्रोसल्फाइट यांनीं घेतली आहे; जंतूंना जें करावयास दिवस लागत, तें हें रसायन थोड्या वेळांत करितें. परंतु हौदांत निळीचें, क्षाराचें आणि हायड्रोसल्फाइटचें प्रमाण एकसारखें राहिलें नाहीं, तर हजारों मीटर सुताची छटा बदलते, म्हणून तेथील माणसाचें लक्ष पूर्वीच्या निराळ्याइतकेंच जागें ठेवावें लागतें. रंगविल्यावर दोर धुतात, वाळवितात, आणि मग एकेक धागा न तोडतां ते पुन्हा उलगडून बीमवर गुंडाळतात. त्यानंतर खळ देऊन ताणा मागावर चढतो. बाणा मात्र पांढराच ठेवितात. वीण अशी तिरकस असते कीं, ताण्याचा धागा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जाऊन एकाखालून जातो. त्यामुळें कापडाची उजवी बाजू निळी आणि उलटी बाजू पांढुरकी दिसते. विजारीचा पायमोड दुमडून पाहिल्यास वाचकांस याची प्रतीति तत्काळ येईल.

असो. हौदांतील गोष्ट झाली. आतां हौदाबाहेरची पाहूं.

युरोपांत निळ्या रंगासाठीं वोड नांवाची वनस्पति लावीत. तिच्यांत रंगद्रव्य तेंच, परंतु प्रमाण थोडें. भारताची नीळ समुद्रमार्गानें अधिकाधिक येऊं लागली, तेव्हां वोडचे शेतकरी व व्यापारी यांनीं ओरड केली, आणि सोळाव्या व सतराव्या शतकांत जर्मनी व फ्रान्स येथील सत्ताधीशांनीं निळीविरुद्ध हुकूमहि काढले. कशाचाच उपयोग झाला नाहीं. मोगल काळीं आग्र्याजवळील बयाना आणि अहमदाबादेजवळील सरखेज या दोन ठिकाणच्या निळीचा लौकिक मोठा होता, व ती मिळविण्यासाठीं इंग्रज व डच कंपन्यांची चढाओढ चाले. पुढें वेस्ट इंडीज बेटांत आणि अमेरिकेच्या कॅरोलायना प्रांतांत गुलामांच्या कष्टावर नीळ पिकूं लागली. अमेरिका स्वतंत्र झाली, १७९१ सालीं फ्रेंचांच्या सां-दोमिंग बेटांत गुलामांनीं बंड केलें, आणि इंग्रजांनीं निळीचें ठाणें बंगाल्यांत हालविलें.

बंगाल्यांतील पद्धति थोडक्यांत अशी होती. गोरा निळवाला रयतेला थोडी आगाऊ रक्कम देई. तिला दादन म्हणत. ती घेतली कीं शेतकऱ्यानें आपल्या उत्तम जमिनींत, भातासाठीं राखलेल्या जागींहि, नीळ पेरलीच पाहिजे. नीळ कारखान्यांत गेल्यावर तिची किंमत निळवाला ठरवी, आणि ती अशी ठरे कीं दादन फिटतच नसे. बापाचें दादन मुलाच्या माथीं येई. नाहीं म्हणणाऱ्यास लाठी आणि कोठडी तयार असे. १८५९ सालीं नदिया जिल्ह्यापासून आरंभ होऊन लक्षावधि रयतेनें नीळ पेरण्याचें नाकारिलें. सरकारला १८६० सालीं चौकशी मंडळ नेमावें लागलें, आणि या पिकांत रयतेचा तोटा आहे हें त्या मंडळानें मान्य केलें. त्याच वर्षीं दीनबंधु मित्र यांचें 'नीलदर्पण' हें नाटक डाक्क्यास प्रसिद्ध झालें. त्याचें इंग्रजी भाषांतर छापविल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ सालीं एक महिना कैद आणि १ हजार रुपये दंड झाला. तो दंड कालीप्रसन्न सिंह यांनीं तेथल्या तेथें भरिला. बंगाल्यांतून नीळ उठूं लागली खरी, परंतु ती नाहींशी झाली नाहीं. तिनें उत्तर बिहारांत आपलें बिऱ्हाड थाटलें.

इकडे जर्मनींत आडोल्फ फॉन बायर हा रसायनशास्त्रज्ञ १८६५ पासून निळीच्या रचनेचा छडा लावीत होता. १८८० सालीं त्यानें प्रयोगशाळेंत नीळ तयार करण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें, आणि १८८३ सालीं तिची अणुरचना सांगितली. परंतु प्रयोगशाळेंतील नीळ शेतांतल्या निळीहून फार महाग पडे. तिला बाजारांत उभी करण्यासाठीं लुडविग्सहाफेनच्या बाडिशे कंपनीनें जवळ जवळ १ कोटि ८० लक्ष मार्क खर्च केले. या कामीं लागणारें एक द्रव्य नॅफ्थलीनपासून स्वस्तांत मिळविण्याची किल्ली, उष्णतामापक फुटून त्यांतील पारा मिश्रणांत सांडल्यानें सांपडली, अशी कथा सांगतात. १८९७ सालीं ही नीळ विक्रीस आली. त्या सुमारास जगांत वनस्पतीपासून वर्षाकाठीं सुमारें १९ हजार टन नीळ निघत असे. १९१४ पर्यंत तो आंकडा सुमारें १ हजार टनांवर आला. बायर यांस १९०५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

कोणासहि वाटेल कीं, कृत्रिम निळीनें बिहारच्या रयतेची बेडी तुटली असेल. घडलें तें याच्या उलट, आणि निळीच्या इतिहासांतील हा भाग आम्हांस सर्वांत अधिक विचार करण्याजोगा वाटतो. चंपारण्यांत तीनकठिया नांवाची पद्धति होती: वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यांपैकीं तीन कठ्ठ्यांत रयतेनें निळवाल्यासाठीं नीळ पेरलीच पाहिजे. निळीचा भाव कोसळला तेव्हां हें बंधन निळवाल्यालाच नकोसें झालें. परंतु तें त्यानें फुकट सोडिलें नाहीं. सुटकेच्या बदल्यांत कोणाचा सारा वाढविला. त्यास शरहबेशी म्हणत. कोणाकडून एकरकमी पैसे उकळले. त्यास तावान म्हणत. अशा रीतीनें जर्मनींतील शोधानें निळवाल्याचें जें नुकसान झालें, तें चंपारण्याच्या शेतकऱ्यानें भरून दिलें. त्यांत महायुद्ध सुरू होऊन जर्मन नीळ येईनाशी झाली, भाव पुन्हा चढला, आणि पेरणीची सक्ति परत जोर धरूं लागली. राजकुमार शुक्ल या शेतकऱ्याच्या आग्रहावरून महात्मा गांधी १९१७ च्या एप्रिलांत चंपारण्यास गेले. जिल्हा सोडण्याचा हुकूम त्यांनीं मानिला नाहीं. सरकारनें खटला काढून घेतला, आणि चौकशी मंडळ नेमून त्यावर गांधींनाच घेतलें. तावानाचा चतुर्थांश परत देण्याचें ठरलें, आणि १९१८ च्या कायद्यानें तीनकठिया बंद झाली.

आतां निळीचा शेवटच व्हावयाचा, अशी चिन्हें दिसूं लागलीं होतीं. १९०१ सालीं रेने बोन यानें इंडान्थ्रीन नांवाचा निळा रंग शोधून काढिला. उन्हानें व धुण्यानें न उडणाऱ्या या रंगापुढें आणि त्याच्या मागून आलेल्या इतर रंगांपुढें नीळ, मग ती शेतांतली असो वा कारखान्यांतली, कच्चीच ठरली. ती वांचली ती अमेरिकन मजुरामुळें. १८७३ च्या मे महिन्यांत जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांनीं विजारीच्या खिशांना तांब्याच्या खिळ्या ठोकण्याचें पेटंट घेतलें होतें, आणि खाणीवाले, गुराखी व रेल्वेचे कामगार या विजारी वापरीत. त्यांना स्वस्त, जाड आणि मळखाऊ कापड हवें होतें. रंग उतरला तर त्यांची तक्रार नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कामकऱ्याचा हा पोषाख तरुणांनीं उचलला. जी विजार दहा वर्षें कष्ट करून पांढुरकी झाली, तींत त्यांना खरेपणा दिसला, आणि निळीचा जुना दोष हाच तिचा गुण ठरला. आपल्याकडेहि १९८० नंतरच्या दशकांत अहमदाबादेस आणि १९९० नंतरच्या दशकांत कापसाच्या यवतमाळास डेनिमच्या गिरण्या उभ्या राहिल्या. आज जगांत दरसाल हजारों टन कृत्रिम नीळ खपते, आणि तिचा बहुतेक भाग या एका कापडाच्या ताण्यावर चढतो.

परंतु दहा वर्षें थांबण्याची गिऱ्हाइकाची तयारी नाहीं. जुनेपण त्याला विकत हवें, आणि तेंहि आजच. म्हणून नवी विजार ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांबरोबर यंत्रांत घुसळतात, तिला सेल्युलेज नांवाचें पाचकद्रव्य लावितात, किंवा तिच्यावर दाबानें वाळूचा झोत मारितात. या शेवटल्या रीतीनें तुर्कस्तानांतील अनेक तरुण कामगारांच्या फुप्फुसांत बारीक वाळू जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग जडला, आणि कित्येक मरण पावले. तेथील सरकारनें २००९ सालीं ही रीत बंद केली. त्यानंतर तें काम इतर देशांत गेल्याच्या बातम्या आल्या. बंगाल्यांतून नीळ उठून बिहारांत गेली, त्याचीच आठवण येथें होते. हौदांतील हायड्रोसल्फाइटहि वापरल्यावर नाहींसें होत नाहीं. त्याचे क्षार धुण्याच्या पाण्यांतून बाहेर पडतात, आणि तें पाणी शुद्ध न करितां सोडिल्यास ओढेनाले बिघडतात.

सुधारणेचे प्रयत्न चालू आहेत, हें सांगणें न्यायाचें होईल. आधींच क्षपण केलेली नीळ कारखान्यांतून मिळूं लागली आहे. विजेच्या साह्यानें क्षपण करण्याच्या रीतीहि निघाल्या आहेत. वाळूची जागा पुष्कळ ठिकाणीं लेझर किरणांनीं घेतली आहे. २०१८ सालीं बर्कली विद्यापीठांतील संशोधकांनीं जंतूंकडून इंडिकन तयार करवून त्यानें सूत रंगवून दाखविलें. इंडिकन हें निळीच्या झाडाच्या पानांत असणारें, शर्करेशीं बांधलेलें द्रव्य होय. ती शर्करा रंगविण्याच्या वेळींच सोडविली, तर हायड्रोसल्फाइटची गरज उरत नाहीं. टाकळ्याचें बीं आंबविणाऱ्या रंगाऱ्याला ही कल्पना फारशी परकी वाटली नसती.

तथापि अशा शोधांवर सर्व भार टाकून आपण स्वस्थ बसावें, असें आम्हांस वाटत नाहीं. कृत्रिम निळीच्या शोधानें रयतेचें दुःख आपोआप हटलें नाहीं. त्यासाठीं रयतेला नाहीं म्हणावें लागलें, कोणाला तुरुंगांत जावें लागलें, आणि कायदा व्हावा लागला. आजच्या गिरण्यांविषयींहि तेंच खरें आहे. सांडपाण्याचे व कामगारांच्या फुप्फुसांचे नियम कोणी तरी मागितल्यावांचून होत नाहींत, आणि झालेले पाळले जात नाहींत.

घरगुती बाजूनें एक गोष्ट मात्र प्रत्येकाच्या हातीं आहे. विजार घ्यावयाची तर गडद, न घांसलेली घ्यावी, आणि ती अंगावर वापरून जुनी होऊं द्यावी. रंग तिचा उतरणारच. तो निळीचा धर्मच आहे. मुलांना ती उलटी करून आंतला पांढरा बाणा दाखवावा, आणि एखादा उसवलेला धागा पिळून त्याचा पांढरा गाभाहि दाखवावा. चंपारण्य कोठें आहे हें सांगण्यास तेवढें निमित्त पुरेसें आहे.